अलगदरावांची चाचणी

त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. डेपोत ते अलगदराव. ब्रेक असा लावायचे की उभ्या माणसाला दांडा धरावा लागायचा नाही. गाडी थांबली हे दार उघडल्यावर कळायचं. सोळा वर्षं मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर होते. फुकट्यांशी, पायरीवर लटकणाऱ्यांशी, मुलाचं वय चोरणाऱ्या आयांशी भांडायचं काम माझं. मी फारच तापले की ते आरशातून बघायचे आणि म्हणायचे, "बाई, इंजिन जरा बंद करा आता." अख्खी गाडी हसायची. मीही हसायचे, पण मनातून चरफडत.

हे लिहायला मी बसले ती त्यांच्या निरोप समारंभामुळे. विजेच्या बसगाड्या शहरात आणण्यात यांचा सिंहाचा वाटा, असं साहेब बोलले. मानपत्र दिलं, फोटो काढले. अलगदराव खाली मान घालून बसले होते आणि लोकांना तो विनय वाटला. मला तिथेच उठून चार शब्द सुनावावेसे वाटले. पण निरोपाच्या दिवशी तमाशा नको म्हणून गप्प बसले. आता गप्प बसवत नाही.

त्यांना एक भाऊ होता, चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा त्याला अलगदरावांनीच वाढवला, शिकवला आणि विशीत डेपोत चिकटवला. आम्ही सगळे त्याला धाकटाच म्हणायचो. काम दिसायला सोपं होतं. पहाटे शेडमध्ये जायचं, साठ डिझेल गाड्या एकेक करून चालू करायच्या आणि ब्रेकच्या हवेच्या टाक्या भरेपर्यंत धडधडत ठेवायच्या. शेडला तीन बाजूंनी भिंती आणि वर पत्रा. आम्ही कामावर यायचो तेव्हा आत हात पुढे केला तर बोटं दिसायची नाहीत. त्या धुरातून धाकटा बाहेर यायचा, तोंडावरचा काळा रुमाल खाली ओढायचा आणि म्हणायचा, "घ्या, तुमच्या म्हशी जाग्या झाल्या." एकोणीस वर्षं त्याने म्हशी जाग्या केल्या. चाळिशी गाठायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं की याची फुप्फुसं निम्मी उरली आहेत आणि गेलेली परत येत नाहीत.

नोकरी सुटली. अलगदरावांनी धावपळ करून त्याला टेकडीवरच्या वसाहतीत दोन खोल्या बघून दिल्या, का तर वर हवा चांगली. आमच्या मार्गाचा शेवटचा थांबा अगदी त्याच्या फाटकासमोर होता. दर तीन दिवसांनी तो आमच्याच गाडीने खाली यायचा, दवाखान्यात श्वासाचे व्यायाम करायचा, मग डेपोच्या कँटीनमध्ये तासभर जुन्या मित्रांची टिंगल करत बसायचा आणि आमच्याच गाडीने वर जायचा. बायको घरी शिवणकाम करायची. तो हसतमुख होता म्हणून आम्हाला वाटायचं, बरं चाललंय. अलगदरावांना मात्र तसं कधीच वाटलं नाही. गाडी रिकामी असली की एकच वाक्य, "मीच चिकटवला त्याला, बाई." पहिल्यांदा मी समजूत घातली. विसाव्यांदा म्हटलं, "आता पुरे करा, मलाही घरी जाऊन स्वयंपाक करायचाय." माझी जीभ अशी आहे.

मग जुन्या गाड्या काढून नव्या घ्यायचं ठरलं आणि कोणत्या घ्यायच्या यासाठी समिती बसली. डेपोच्या अंगणात तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या: एक गॅसवरची, एक मोठ्या बॅटरीची आणि एक लहान बॅटरीची. हिशेब आम्हालाही कळत होता. मोठी बॅटरी इतकी महाग की आहे त्या रकमेत तीसच गाड्या आल्या असत्या आणि उरलेल्या तीस डिझेलच्याच राहिल्या असत्या, आणखी दहा वर्षं. लहान बॅटरीच्या साठच्या साठ येणार होत्या, पण तिने टेकडीच्या मार्गावर एकदा बॅटरी भरल्यावर दिवसभराच्या पाच फेऱ्या काढून दाखवायला हव्या होत्या. नाहीतर गॅस. कार्यशाळेचे प्रमुख गॅसच्या बाजूचे. गॅसला धूर कमी, हे खरं. पण शेड तीच, पहाट तीच आणि आत कोणाचा तरी धाकटा उभा.

चाचणीला चालक कोण, यावर चर्चाही झाली नाही. डेपोतला सर्वांत चांगला चालक द्या, असा आदेश होता. अलगदरावांना नेमलं आणि आकडे टिपायला मला.

माणसांऐवजी गाडीत वाळूची पोती होती, प्रत्येक आसनावर एक, आणि मधल्या वाटेत उभ्या माणसांच्या हिशेबाने आणखी वीस. मी अलगदरावांना म्हटलं, "आयुष्यात पहिल्यांदा सभ्य प्रवासी मिळालेत." ते हसले नाहीत. त्या तीन आठवड्यांत ते हसलेच नाहीत. गॅसची गाडी त्यांनी नेहमीसारखी चालवली, मोठ्या बॅटरीचीही. लहान बॅटरीच्या गाडीत बसले की माणूसच बदलायचा. पुढचा दिवा केव्हा लाल होणार हे त्यांना तीन चौक आधी ठाऊक असायचं, तेवढ्यात ते पाय काढून घ्यायचे आणि गाडी आपली वाहत जायची. चढाला लागायच्या आधी कुठे किती वेग घ्यायचा, कोणत्या वळणावर सोडायचा, हे त्यांनी घरी कागदावर लिहून पाठ केलं होतं. उतारावर गाडी स्वतःच बॅटरीत थोडी वीज परत भरते, तर तो प्रत्येक थेंब त्यांनी गोळा केला. आणि चढाच्या पायथ्याशी आले की हात जायचा आणि थंड हवेचं यंत्र बंद व्हायचं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "हे चालतं का?"

"उतारावर लावतो की परत."

माझ्या तक्त्यात एक रकाना होता, थंड हवेचं यंत्र चालू होतं का, हो की नाही. मी "हो" लिहिलं. उतारावर चालू होतंच. मी रोज "हो" लिहिलं, आणि का लिहिलं हे मला पक्कं माहीत होतं. मलाही ती शेड रिकामी झालेली बघायची होती.

शेवटच्या दिवशी पाचवी फेरी संपली तेव्हा बॅटरीत अठरा टक्के वीज शिल्लक होती. समितीला पंधरा हवी होती. समितीवरच्या, वाहन विभागाच्या तरुण अभियंता मॅडमनी तो आकडा स्वतः वाकून पाहिला आणि टाळ्या वाजवल्या. वर्गातल्या पहिल्या मुलाला परीक्षेला बसवलं आणि त्याचे गुण सगळ्या वर्गाला वाटून टाकले, हे त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्हा दोघांच्याही नाही.

साठ गाड्या आल्या. पहिल्या दिवशी पहाटे अलगदराव माझ्याआधी येऊन शेडच्या मधोमध उभे होते. काही धडधडत नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भिंत स्वच्छ दिसत होती आणि तिच्यावरची काजळी तेवढी उरली होती. ते त्या भिंतीकडे तोंड करून रडत होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं आणि तिकिटाचं यंत्र आणायला गेले.

उन्हाळा आला आणि सगळं फिसकटलं. गाडी माणसांनी ठासून भरलेली, थंड हवा सुरू, चालक नवीन पोरं, डोक्यावर वेळापत्रकाची टांगती तलवार. चौथ्या फेरीला तिसऱ्या वळणावर लाल दिवा लागायचा आणि गाडी जागच्या जागी बसायची. मागे रांग, लोक शिव्या घालताहेत, खालून ओढगाडी येते आहे. एका महिन्यात अकरा वेळा झालं. डेपोच्या साहेबांनी सरळ आदेश काढला की टेकडीची गाडी यापुढे पायथ्यापर्यंतच जाईल. पायथ्यापासून वसाहत दीड किलोमीटर, सगळा चढ. तरणीताठी माणसं कुरकुर करत चालू लागली. रिक्षावाले त्या चढाला यायला राजी नसायचे.

आणि धाकटा घरात अडकला. अलगदराव सुट्टीच्या दिवशी स्कूटरवरून त्याला दवाखान्यात न्यायचे. दर तीन दिवसांचं आठवड्यावर आलं. कँटीन बंद झालं, मित्र बंद झाले. वर बसून बसून तो सुकत चालला. बायको सांगायची, दिवसभर खिडकीत असतो, बोलत नाही.

अलगदरावांची झोप उडाली. ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "गाडीत दोष नाही. तुम्हीच नेली होती ना पाच वेळा वर? मग या पोरांना शिकवा."

"साहेब, तीस वर्षं लागली मला शिकायला."

"मग काय, पोरांच्या हातात तीस वर्षं देऊ?"

बाहेर येऊन ते मला म्हणाले, "बाई, कागद काढा." आम्ही दोघांनी मिळून अर्ज लिहिला. त्यात त्यांचं एक वाक्य होतं, ते मी जसंच्या तसं ठेवलं: "चाचणीतले आकडे माझ्या पायाचे आहेत, गाडीचे नाहीत." खाली मी माझं लिहिलं, की चढावर थंड हवेचं यंत्र बंद होतं आणि तरी मी "हो" लिहीत होते.

अभियंता मॅडमनी आम्हाला बोलावलं. आधी भयंकर चिडल्या. "मी तुमच्या भरवशावर सही केली होती!" मग म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी सर्वांत चांगला चालक मागितला, नेहमीचा मागायला हवा होता." त्यांनी फेरचाचणी लावली, डेपोतल्या सगळ्यांत नव्या चालकाच्या हातून. ती नापास झाली की वरच्या थांब्यावर बॅटरी भरायचं यंत्र बसवायचा प्रस्ताव त्या पाठवणार होत्या; फेऱ्यांच्या मधे दहा मिनिटं भरली तरी गाडी दिवसभर वर जाऊ शकली असती. फक्त एक ताकीद दिली. प्रत्येक गाडीची नोंद आपोआप कार्यालयात येते. तोपर्यंत एकही गाडी पायथ्याच्या वर जाता कामा नये. "एक जरी वर गेलेली दिसली, तर साहेब म्हणतील जातेय की. मग यंत्र विसरा."

फेरचाचणी सहा दिवसांवर आली होती. सकाळी आम्ही पायथ्याला गाडी लावली तर थांब्यावर धाकटा बसलेला. एकटा चालत खाली आला होता. अलगदराव ओरडलेच, "वेडा आहेस का?"

"उतरायला काय लागतं, दादा? पाच महिने झाले, तुझ्या गाडीत बसलो नाही मी." मग माझ्याकडे वळला. "बाई, तिकीट पूर्ण द्या हं. फुप्फुस अर्धं म्हणून तिकीट अर्धं, असलं मला चालणार नाही."

तो चालकाच्या मागच्या आसनावर बसला. दोन थांबे गेल्यावर पुढे वाकून म्हणाला, "दादा, गाडी चालू आहे ना?" कितीतरी महिन्यांनी अलगदराव मोकळे हसले. डेपोत उतरल्यावर धाकटा आधी शेडमध्ये गेला. मधोमध उभा राहिला, कमरेवर हात ठेवले आणि जमेल तेवढा श्वास आत ओढला. मग पुन्हा एकदा. कँटीनमध्ये येऊन सगळ्यांना सांगत सुटला, "फिनेलचा वास येतोय तिथे, फिनेलचा! माझ्या भावाने आणली ही गाडी." अलगदराव चहाच्या कपाकडे बघत बसले होते. मला त्यांचा इतका आनंद वाटला आणि इतकं वाईटही वाटलं की मी कँटीनवाल्याशी उगाचच भांडण काढलं.

दुपारी तीनच्या फेरीने तो परत निघाला. पायथ्याला गाडी थांबली, सगळे उतरले. धाकटा दारात उभा राहून चढाकडे बघत होता. चालकासमोरच्या पडद्यावर बॅटरीचा आकडा दिसत होता, एकतीस. मी काही अभियंता नाही, पण तीन आठवडे आकडे लिहिलेली बाई आहे. अलगदरावांच्या हातात एकतीस टक्के म्हणजे वर जाऊन परत येऊनही उरले असते.

तेही आकड्याकडेच बघत होते. मग मान वळवून म्हणाले, "सोडू का वर?"

धाकट्याला ताकीद माहीत होती, त्यांनीच सांगितली होती. तो म्हणाला, "नको दादा. सहा दिवसांवर आलंय, आता घाण नको करू."

"मग इथेच बस. गाडी डेपोत लावतो आणि स्कूटर घेऊन येतो. दीड तास."

"दीड तासात मी घरी पोचून झोपलेला असेन. थांबत थांबत जातो. जा तू, वेळ होतोय."

तो उतरला आणि हात हलवला. मागे दुसरी गाडी येऊन उभी होती, तिचा चालक भोंगा वाजवत होता. मी डबल बेल दिली आणि आम्ही निघालो.

तो दुसऱ्या वळणापर्यंत पोचला. तिथे कठड्यावर बसला. येणाजाणाऱ्यांना वाटलं, दम खातोय. शाळेतून मुलांना घेऊन चाललेल्या एका बाईला तो कलल्यासारखा वाटला म्हणून तिने हाक मारली. आम्ही डेपोत पोचलो होतो आणि अलगदराव स्कूटरला किल्ली लावत होते, तेव्हा फोन आला, धाकटा गेला म्हणून.

सहा दिवसांनी फेरचाचणी झाली. अलगदरावांनी यायची गरज नव्हती, मॅडमनी तसं कळवलंही होतं. ते आले. नव्या चालकाने, अगदी प्रामाणिकपणे, थंड हवा चालू ठेवून, पोती भरून गाडी चालवली, आणि चौथ्या फेरीला ती तिसऱ्या वळणावर थांबली. ठरल्याप्रमाणे नापास. मी या खेपेला रकान्यात जे होतं तेच लिहिलं. वरचं यंत्र मंजूर झालं आणि आठ महिन्यांनी बसलं. आता गाडी दिवसभर त्या फाटकासमोर जाते. अलगदरावांनी निवृत्त होईपर्यंत सपाट मार्ग मागून घेतला.

फेरचाचणीच्या दिवशी संध्याकाळी मॅडम मागच्या आठवड्यातल्या नोंदी चाळत होत्या. आम्ही दोघे समोर बसलो होतो. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. त्या तारखेला काय झालं होतं हे त्यांना माहीत नव्हतं.

"ही तुमची गाडी ना? पायथ्याला एकतीस टक्के. तुम्ही असाल तर एवढ्यात वर जाऊन परत आला असता."

"हो," अलगदराव म्हणाले. "आलो असतो."

"बरं झालं नाही गेलात. आज हे सगळं पुसलं गेलं असतं."

मी खुर्चीतून उठलेच. अलगदरावांनी हातानेच मला खाली बसवलं. मॅडमना काही न सांगता ते बाहेर आले. मी मागोमाग. व्हरांड्यात कोणी नव्हतं. मला वाटलं, आता पुन्हा तेच म्हणणार, मीच चिकटवला त्याला.

"बाई, मी त्याला एकदाच विचारलं," ते म्हणाले. "एकदाच. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, मी ओळखतो ना त्याला. पण तो नको म्हणाला आणि मला हायसं वाटलं."

हायसं मलाही वाटलं होतं, आणि बेल मी दिली होती.